पाचगणीच्या शाळेत मागे बसून पियानो वाजवणारा पोरगा ७२ हजारांचं मैदान हलवणारा फ्रेडी मर्क्युरी कसा झाला?

दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची. धम धम टाळी, धम धम टाळी.

चांदवड असो नाहीतर चंदगड, शाळेच्या मैदानावर कबड्डीची फायनल रंगात आली की पोरं हा ठेका धरतात. पायाखाली फळ्या असतील तर फळ्या, समोर बाकं असतील तर बाकं बडवतात. हा ठेका कोणी शिकवलेला नसतो, तरी सगळ्यांना येतो. क्रिकेटच्या मोठ्या स्टेडियममध्येही हाच ऐकू येतो.

हा ठेका आला एका इंग्लिश बँडच्या गाण्यातून. वर्ष १९७७, बँडचं नाव क्वीन आणि गाणं 'वी विल रॉक यू'. गाणं लिहिलं बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने आणि गायलं फ्रेडी मर्क्युरीने.

हा फ्रेडी मर्क्युरी शिकला आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत. त्याच्या आयुष्यातला पहिला बँड तिथेच निघाला. पण जगभर नाव झाल्यावर त्याने पाचगणीचा विषय फारसा काढलाच नाही.

झांझिबारहून बोटीने पाचगणी

फ्रेडीचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर. घर पारशी. मूळ गाव गुजरातमधलं वलसाड, त्याचं जुनं नाव बलसाड, म्हणून आडनाव बलसारा. वडील बोमी हे झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. आईचं नाव जेर, धाकटी बहीण काश्मिरा.

घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण मुलाने चांगल्या इंग्रजी शाळेत शिकावं अशी आईवडिलांची इच्छा होती. म्हणून १९५५ साली आठ वर्षांच्या फारुखला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातलं. आधी बोटीने मुंबई आणि तिथून पुढे पसरणीचा घाट चढून पाचगणी. आईवडील समुद्राच्या पलीकडे. दिवाळी-नाताळच्या सुट्टीत बाकीची पोरं घरी पळायची, तेव्हा झांझिबारला जाणं काही दरवेळी जमायचं नाही. मग मुंबईतले नातेवाईक हेच त्याचं घर.

त्यात त्याचे दात. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरं चिडवायची. हसताना ओठांवर हात धरायची सवय त्याला लागली, ती शेवटपर्यंत गेली नाही. पैसे आल्यावरसुद्धा त्याने दात नीट करून घेतले नाहीत. तसं केलं तर आवाज बिघडेल अशी त्याला भीती होती.

फारुखचा फ्रेडी झाला तोही पाचगणीतच. मित्र आणि शिक्षक त्याला त्या नावाने हाक मारू लागले, मग घरच्यांनीही तेच नाव उचललं.

द हेक्टिक्स

गाण्याचा कान त्याला होताच. शाळेत पियानोची शिकवणी लागली, परीक्षा झाल्या, शाळेच्या गायनवृंदात जागा मिळाली. त्या काळात इंग्रजी गाणी ऐकायची तर रेडिओ सिलोन लावायचा. रेडिओवर एकदा वाजलेलं गाणं हा पोरगा लगेच पियानोवर काढून दाखवायचा, असं त्याचे शाळासोबती सांगत आले आहेत.

१९५८ मध्ये पाच पोरांनी मिळून बँड काढला. नाव 'द हेक्टिक्स'. ब्रूस मरे गायचा, डेरिक ब्रांच गिटारवर, व्हिक्टरी राणा ड्रमवर. फारंग इराणीने चहाच्या लाकडी खोक्याला दांडी आणि तार लावून बेस वाद्य तयार केलं होतं. आणि पियानोवर फ्रेडी बलसारा. शाळेचे कार्यक्रम, फेट, कधी नाटकाच्या आधी, कधी नंतर. एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजायची आणि आसपासच्या शाळांतल्या मुली आल्या असतील तर जरा जास्तच जोरात वाजायची.

यातली नीट बघायची गोष्ट म्हणजे, पुढे उभं राहून गाणारा ब्रूस मरे होता. ज्याच्या आवाजावर पुढे जग फिदा झालं, तो मागे पियानोवर बसायचा. एरवी बुजरा असलेला हा पोरगा वाद्यापाशी आला की मोकळा व्हायचा, हेही त्याच्या मित्रांनी नोंदवून ठेवलंय. घरापासून लांब वाढणाऱ्या पोराला स्वतःची एक जागा सापडली होती, आणि ती जागा म्हणजे स्टेज.

हेक्टिक्स शाळेसोबतच संपली. व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला, डेरिक ब्रांच ब्रिटनमध्ये अभिनेता झाला. फ्रेडी १९६३ मध्ये झांझिबारला परतला.

सुटकेस घेऊन लंडन

जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले. बलसारा कुटुंबाने हाताला लागेल ते सामान घेतलं आणि इंग्लंड गाठलं. लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टम नावाच्या उपनगरात त्यांनी लहानसं घर केलं. सरकारी नोकरी आणि घरकामाला माणसं असलेलं कुटुंब आता नव्याने सुरुवात करत होतं. फ्रेडी कॉलेजात जायचा आणि सुट्टीत विमानतळावर सामान उचलायचा.

ईलिंग कॉलेज ऑफ आर्टमधून १९६९ मध्ये त्याने ग्राफिक आर्टचा डिप्लोमा घेतला. त्याच कॉलेजात टिम स्टाफेल नावाचा मित्र होता आणि टिमचा 'स्माईल' नावाचा बँड होता. गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर. फ्रेडी त्यांच्या शोला प्रेक्षक म्हणून जायचा आणि शो संपला की कपडे कसे घाला, स्टेजवर कसे उभे राहा, यावर न मागितलेले सल्ले द्यायचा. दरम्यान स्वतः दोन-तीन बँड करून पाहिले, पण एकही टिकला नाही. रॉजरसोबत केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकायचा गाळाही चालवला.

अशाच एका बँडच्या शोमध्ये मायक्रोफोनचा स्टँड मधूनच तुटला. वरचा तुकडा त्याच्या हातात राहिला, तसाच धरून त्याने गाणं पुढे नेलं. नंतर तो अर्धा स्टँडच त्याची ओळख झाला. गिटार, तलवार, झाडू, राजदंड, काय हवं ते तो त्याचं करायचा.

१९७० मध्ये टिम स्टाफेल बाहेर पडला आणि त्याच्या जागी फ्रेडी आला. बँडचं नाव त्याने ठेवलं क्वीन. स्वतःचं आडनाव केलं मर्क्युरी. बँडचं चिन्हसुद्धा त्यानेच काढलं, चौघांच्या राशी घेऊन: सिंह राशीचे दोघे म्हणून दोन सिंह, कर्केचा एक म्हणून खेकडा आणि कन्या राशीचा तो स्वतः म्हणून दोन पऱ्या. चौथा माणूस, बेस वाजवणारा जॉन डीकन, १९७१ मध्ये आला. हे चौघे फ्रेडीच्या मृत्यूपर्यंत बदलले नाहीत.

क्वीन हेवी मेटल बँड होता का?

इंग्लंडमध्ये तेव्हा नव्या प्रकारचा आवाज घुमत होता. गिटारचा आवाज मुद्दाम फाटेपर्यंत वाढवायचा, ड्रम छातीत बसतील असे वाजवायचे. १९७० मध्ये ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला आणि या प्रकाराला पुढे हेवी मेटल हे नाव चिकटलं. क्वीनची सुरुवात याच वस्तीत झाली. १३ जुलै १९७३ ला पहिला अल्बम आला, त्यात जड गिटार होती. पुढच्याच वर्षी 'स्टोन कोल्ड क्रेझी' आलं. सव्वादोन मिनिटांचं, बंदुकीच्या गोळ्यांसारखं पळणारं गाणं. अशा वेगाचं मेटल ऐंशीच्या दशकात थ्रॅश म्हणून गाजलं. मेटालिका या बँडने हेच गाणं आपल्या पद्धतीने वाजवलं आणि १९९१ मध्ये त्यांना मेटलचं ग्रॅमी मिळालं.

पण क्वीन एका वस्तीत राहणारा बँड नव्हता. ऑपेरा, डिस्को, रॉक अँड रोल, लोकगीत, जे आवडेल ते उचललं. १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं, लांबी जवळपास सहा मिनिटं. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी चालतात, एवढं लांब कोण वाजवणार, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते गाणं ब्रिटनमध्ये सलग ९ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्याच गाण्यात शेवटाकडे गिटार अशी काही पेटते की आजही मेटलवाले माना हलवायला लागतात.

पब्लिकच झीलकरी

तमाशात किंवा पोवाड्यात शाहिराच्या मागे झील धरणारे असतात. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात. गोंधळाचंही तसंच. चांदवडला रेणुकामातेच्या दारात गोंधळी हाळी देतो आणि समोरची माणसं 'उदो' म्हणतात. उत्तर देणारा माणूस त्या क्षणापुरता बघ्या राहत नाही.

क्वीनने हीच गोष्ट स्टेडियममध्ये केली.

१९७७ मध्ये इंग्लंडमधल्या एका शोनंतर बँड स्टेजवरून उतरला, तरी लोक जाईनात. उलट तेच एक गाणं म्हणू लागले. त्या काळी रॉक बँडांना अशी मध्येच गाणारी पब्लिक आवडायची नाही. ब्रायन मे आणि फ्रेडीने उलटा विचार केला. लोकांना गायचंच आहे, तर त्यांना कामच देऊ. गर्दीत खेटून उभ्या माणसाला काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. यातून ब्रायनचं 'वी विल रॉक यू' आलं आणि फ्रेडीचं 'वी आर द चॅम्पियन्स'. 'वी विल रॉक यू' रेकॉर्ड करताना ड्रमसेट वापरलाच नाही. जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत लाकडी फळ्यांवर पाय आपटून तो आवाज पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केला आणि एकावर एक चढवला, म्हणजे ऐकताना हजारो माणसं आहेत असं वाटावं.

१९८१ मध्ये बँड दक्षिण अमेरिकेत गेला. तिथे एवढे मोठे रॉक शो घेऊन तोवर फारसं कोणी गेलं नव्हतं. ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये एका रात्री १ लाख ३१ हजार माणसं आली. त्यातल्या बहुतेकांची भाषा पोर्तुगीज. फ्रेडीने 'लव्ह ऑफ माय लाईफ' सुरू केलं आणि गर्दीने इंग्रजी गाणं तोंडपाठ म्हणून दाखवलं. तो गायचा थांबला आणि ऐकत राहिला.

चूक आणि उतार

सगळंच चांगलं चाललं होतं असं नाही. १९८२ चा डिस्कोकडे झुकलेला अल्बम जुन्या चाहत्यांना पटला नाही. १९८४ मध्ये एका व्हिडिओत चौघांनी बायकांचे कपडे घातले. ब्रिटनमध्ये लोक हसले, अमेरिकेत मात्र अनेकांना ते रुचलं नाही.

त्याच वर्षी त्यांनी मोठी चूक केली. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं सरकार होतं आणि जगभरच्या कलाकारांनी तिथे जाऊ नये असं संयुक्त राष्ट्रांचं आवाहन होतं. क्वीन तरीही सन सिटीला जाऊन शो करून आली. आम्ही राजकारणात नाही, असा बँडचा बचाव होता. पण झांझिबार आणि पाचगणीत वाढलेला, गोऱ्यांच्या देशात स्थलांतरित म्हणून आलेला गायक तिथे गातो, हे अनेकांना खटकलं. ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेने दंड ठोकला. क्वीन संपली, अशी चर्चा सुरू झाली.

२१ मिनिटं

१३ जुलै १९८५. पहिल्या अल्बमला बरोबर १२ वर्षं झाली होती. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी गायक बॉब गेल्डॉफने लाईव्ह एड नावाचा कार्यक्रम उभा केला होता. लंडनचं वेम्बली आणि अमेरिकेतलं फिलाडेल्फिया, एकाच दिवशी दोन मैदानं. शंभराहून जास्त देशांत टीव्हीवर थेट प्रक्षेपण. प्रत्येक बँडला साधारण २० मिनिटं.

क्वीनचा शो म्हणजे लाईट, धूर, झगमगाट. इथे काहीच नव्हतं. उजेडात वाजवायचं, आधी साउंड तपासायला वेळ नाही आणि वेम्बलीतली ७२ हजार माणसं काही फक्त क्वीनसाठी आलेली नव्हती.

बाकीच्यांनी हा धर्मादाय कार्यक्रम म्हणून घेतला. क्वीनने परीक्षा म्हणून घेतला. लंडनच्या एका नाट्यगृहात तीन दिवस तालीम केली, समोर घड्याळ लावून. मोठी गाणी कापली आणि २१ मिनिटांत सहा गाणी बसवली. नवं काही ऐकवायचं नाही, लोकांना येतं तेच वाजवायचं.

संध्याकाळी सहा वाजून ४१ मिनिटांनी फ्रेडी धावत स्टेजवर आला. पांढरा बनियन, फिकट जीन्स, दंडाला पट्टा, ओठांवर दात झाकणारी मिशी. आधी पियानोपाशी बसला, जसा पाचगणीत बसायचा. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा सुरुवातीचा भाग गायला. मग उठला, अर्धा स्टँड हातात घेतला आणि पुढे आला. 'रेडिओ गा गा'च्या टाळीला ७२ हजार जोड हात एकाच क्षणी डोक्यावर गेले. नंतर त्याने नुसता सूर लावला, शब्द नाही, आणि लोकांनी तो उचलला. मग आणखी अवघड हरकत, तीही लोकांनी उचलली. गोंधळ्याची हाळी आणि 'उदो'चा तोच खेळ, फक्त मैदान वेम्बलीचं.

त्या २१ मिनिटांनी क्वीन संपल्याची चर्चा संपवली. आजही उत्तम लाईव्ह शोची यादी निघाली की हा शो वरच्या जागी असतो.

शेवटचा दौरा

१९८६ चा उन्हाळा क्वीनने युरोप फिरून काढला. वेम्बलीचं मैदान दोनदा भरलं. २७ जुलैला बुडापेस्टला शो झाला. हंगेरी तेव्हा कम्युनिस्ट गटात होती, पाश्चात्त्य रॉक बँडचा स्टेडियममधला शो तिथे दुर्मीळ. फ्रेडीने तिथलं एक लोकगीत शिकून घेतलं होतं. शब्द लक्षात राहीनात म्हणून तळहातावर लिहिले आणि हाताकडे बघत बघत गायलं. परका गायक आपल्या आजीचं गाणं म्हणतोय म्हटल्यावर अख्खं मैदान त्याच्याबरोबर गायला लागलं.

९ ऑगस्ट १९८६ ला इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या माळावर लाखाहून जास्त माणसं जमली. राजाचा झगा आणि मुकुट घालून फ्रेडीने निरोप घेतला. क्वीनचा फ्रेडीसोबतचा तो शेवटचा शो ठरला. त्या दिवशी गर्दीतल्या कोणालाच हे माहीत नव्हतं.

जे त्याने झाकून ठेवलं

१९८७ मध्ये फ्रेडीला एचआयव्हीचं निदान झालं. तेव्हा खात्रीचे उपचार नव्हते. त्यातून हा आजार म्हणजे समलिंगी पुरुषांना मिळालेली शिक्षा, अशी भाषा ब्रिटिश वर्तमानपत्रंही करत होती. फ्रेडीचं एके काळी मेरी ऑस्टिनवर प्रेम होतं आणि ती शेवटपर्यंत त्याची सगळ्यात जवळची मैत्रीण राहिली. अखेरची वर्षं त्याचा जोडीदार होता जिम हटन. याबद्दल तो जाहीरपणे कधीच स्पष्ट बोलला नाही.

फ्रेडी वाळत चालला, घराबाहेर फोटोग्राफर बसून राहायचे, अफवा रोज छापून यायच्या. दौरे बंद झाले, पण रेकॉर्डिंग थांबलं नाही. स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात कबाये हिच्यासोबत अल्बम केला. बँडमधल्या सोबत्यांना त्याने आजार सांगितला आणि सोबत्यांनी तो कोणालाही कळू दिला नाही. 'द शो मस्ट गो ऑन' गायची वेळ आली तेव्हा त्याला उभं राहणंही कठीण जात होतं. हे त्याला झेपेल का, अशी ब्रायनला शंका होती. फ्रेडीने व्होडकाचा घोट घेतला आणि ते अवघड गाणं गाऊन टाकलं, असं ब्रायनने नंतर सांगितलंय.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने निवेदन काढून आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरला, तो गेला. वय ४५.

अंत्यविधी पारशी पद्धतीने झाला. दस्तुरांनी प्रार्थना म्हटल्या. जगाचा फ्रेडी मर्क्युरी जाताना पुन्हा आईवडिलांचा फारुख बलसारा झाला. त्याच्या अस्थी कुठे ठेवल्या हे मेरी ऑस्टिनने कोणाला सांगितलं नाही, कारण त्याची तशी इच्छा होती.

पाचगणी, पारशी घर, आजार, प्रेम. हे सगळं त्याने स्टेजच्या बाहेर ठेवलं. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये आशियाई माणसांना रस्त्यात मार पडायचा, तेव्हा बलसारा नावाचा रॉकस्टार लोकांनी स्वीकारला असता का, हा प्रश्न आहेच. क्वीनने त्याच्या हयातीत सहा खंडांत शो केले, पण भारतात एकही नाही. ज्या देशात तो पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला बसला, तिथे त्याला पुन्हा कोणी लाईव्ह ऐकलं नाही.

मेटलवाल्यांचा निरोप

२० एप्रिल १९९२ ला वेम्बलीवरच त्याच्यासाठी शो झाला. कोण गाणार हे जाहीर व्हायच्या आधीच ७२ हजार तिकिटं काही तासांत संपली. मेटालिका, डेफ लेपर्ड, गन्स एन रोझेस असे बँड आले. 'स्टोन कोल्ड क्रेझी' गायला मेटालिकाचा जेम्स हेटफिल्ड उभा राहिला आणि सोबत गिटारवर ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी होता. हेवी मेटल ज्यांनी सुरू केलं आणि ज्यांनी पुढे नेलं, ते दोघेही एका पारशी पोरासाठी एकाच स्टेजवर होते. जमलेल्या पैशांतून एड्सविरुद्ध काम करणारी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभी राहिली, ती आजही काम करते.

त्या दिवशी एक अडचण सगळ्यांना जाणवली. गायक बरेच होते, आवाजही चांगले होते, पण फ्रेडीची जागा एकाला भरता येईना. ती भरली समोरच्या पब्लिकने. त्यांना सगळं पाठ होतं. त्यांच्याकडून तालीम त्यानेच करून घेतली होती.

पुढच्या वेळी चांदवडच्या एखाद्या मैदानावर पोरांनी धम धम टाळी सुरू केली, तर त्यातल्या कोणाला फारुख बलसारा माहीत नसेल. पण झील बरोबर धरतील.